ग्राफिक्स कार्ड टाकायचंय? आधी एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा

लग्नसराई तोंडावर आली की तालुक्याच्या कॉम्प्युटर दुकानांत एक चौकशी हमखास असते, "दादा, ग्राफिक्स कार्ड टाकून मिळंल का?" गावोगावची पोरं आता ड्रोन उडवतात. लग्नाचे, जत्रेचे, शर्यतीचे व्हिडिओ काढतात आणि घरीच एडिट करतात. कुणी झेरॉक्सच्या दुकानात फ्लेक्सचं डिझाईन करतं. जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ अडकत अडकत चालतो, मग कुणीतरी सांगतं की कार्ड टाक, पळायला लागंल. कार्डाची किंमत सगळेच विचारतात. पण त्या कार्डाला लागणारी वीज आपल्या डब्यातला एसएमपीएस देऊ शकतो का, हे फारसं कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. माझ्या थोरल्या पोराकडं जुना टॉवर कॉम्प्युटर होता, आय-५ चौथ्या पिढीचा. त्यात लोकल एसएमपीएस, वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं. पोरानं वापरलेलं जीटीएक्स १०६० कार्ड घेतलं. त्या कार्डाला सहा पिनांची वेगळी वायर लागत होती आणि ती आमच्या एसएमपीएसला नव्हतीच. दुकानात एक जोडवायर लावून दिली, "चालतंय, घेऊन जावा" म्हणाले. आठवडाभर चाललं. मग व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन आपोआप बंद पडायला लागलं. पोरगं परत चालू करायचं. असं करता करता एका रात्री फट्‌कन आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला. एसएमपीएस गेला. सोबत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही गेली.

त्या डिस्कवर दोन लग्नांचं शूटिंग होतं. एका लग्नाचं कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात शिल्लक होतं. दुसऱ्या लग्नाचं मेमरी कार्ड पोरानं पुढच्या कामासाठी पुसून टाकलं होतं. त्या घरी पोराबरोबर मीपण गेलो. पैसे परत दिले. शूटिंग परत देता आलं नाही.

त्यानंतर हा विषय मी नीट समजून घेतला. हिशोब अवघड नाही. गुणाकार आणि बेरीज आली की झालं. तोच हिशोब इथं सविस्तर देतोय.

एसएमपीएस नेमका कुठला आणि करतो काय

आपण ज्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो ते खरं तर कॅबिनेट. त्याच्या मागं जिथं लाईटची काळी केबल बसते, तिथला आतला पत्र्याचा चौकोनी डबा म्हणजे एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तो तिची डीसी करतो आणि तीन मुख्य लाईनींवर वाटतो, १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट.

यातली १२ व्होल्टची लाईन आपल्या कामाची. कारण सगळ्यात जास्त वीज खाणारे दोघं, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, याच लाईनीवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर यूएसबी, डिस्कचं सर्किट अशी बारीकसारीक कामं असतात.

हे आपल्या डीपीसारखं आहे. डीपीवर आधीच दहा मोटरी आहेत आणि अकरावी जोडायची आहे, तर आपण काय बघतो? नवीन मोटर किती एचपीची आणि डीपीला ती झेपंल का. मोटर कितीही भारी कंपनीची असू द्या, डीपी ओव्हरलोड झाली की जळणारच, आणि अंधार सगळ्या वस्तीवर होतो. ग्राफिक्स कार्ड ही कॉम्प्युटरमधली अकरावी मोटर समजा.

डबा उघडून बघावंच लागतं

विंडोजमध्ये प्रोसेसरचं नाव दिसतं, रॅम दिसते, कार्ड दिसतं. पण साध्या कॉम्प्युटरमध्ये एसएमपीएस किती वॅटचा आहे हे कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. त्यासाठी कॅबिनेटची बाजूची पाटी उघडायची आणि स्टिकर वाचायचं, दुसरा मार्ग नाही.

कॉम्प्युटर बंद करा. मागची केबल ओढून काढा. मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूची पाटी सरकते. स्टिकर बहुतेक वेळा एसएमपीएसच्या आतल्या बाजूला असतं. डोकं घालून वाचता येत नसेल तर मोबाईल आत घालून फोटो काढा आणि मोठा करून बघा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. एसएमपीएसचा स्वतःचा डबा कधीही खोलायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी करंट साठलेला असतो. केबल काढल्यावरही तो काही वेळ राहतो. त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. आपलं काम फक्त बाहेरचं स्टिकर वाचण्याचं आहे.

स्टिकर कसं वाचायचं

स्टिकरवर एक तक्ता असतो. वरच्या ओळीत लाईनींची नावं असतात, ३.३, ५, १२, उणे १२ आणि ५ व्होल्ट स्टँडबाय. त्याखाली प्रत्येक लाईन किती अँपिअर देते ते असतं. आपण १२ व्होल्टचा रकाना शोधायचा. उणे १२ चा नाही, अधिक १२ चा. त्याखालचे अँपिअर गुणिले १२ केले की ती लाईन किती वॅट देते ते कळतं.

आमच्या जळालेल्या डब्यावर ४५० हा आकडा ठळक होता. पण तो मॉडेलचा नंबर होता, समोर वॅट असं काही लिहिलेलंच नव्हतं. तक्त्यात १२ व्होल्टखाली १४ अँपिअर होते. चौदा गुणिले बारा म्हणजे १६८ वॅट. आम्ही ४५० समजून चाललो होतो आणि कामाची वीज होती १६८ वॅट. लोकल मोटरीच्या पाटीवर ५ एचपी असतं आणि पाणी बघितलं तर तीनचं पडतं, तसाच प्रकार.

चांगल्या बनावटीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टची लाईन साधारण ३४ ते ३७ अँपिअरची असते, म्हणजे ४०० वॅटच्या पुढं. दोन्ही डबे दुकानात शेजारी ठेवले तर आकडा सारखा दिसतो. फरक या एका रकान्यात असतो.

काही स्टिकरवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात, एक आणि दोन असे. समजा एकाखाली १८ आणि दुसऱ्याखाली १६ अँपिअर आहेत. दोन्ही मिळवून ३४ अँपिअर, म्हणजे ४०८ वॅट असं समजू नका. खालच्या ओळीत दोन्हींची एकत्र मर्यादा दिलेली असते, ती ३०० वॅटही असू शकते. एकत्र मर्यादा हाच खरा आकडा.

ज्या डब्यावर अँपिअरचा तक्ताच नाही, त्यावर ग्राफिक्स कार्ड लावायचा विचार सोडून द्या.

कोणत्या कार्डाला किती वीज लागते

कार्डाच्या माहितीत टीडीपी, टीजीपी किंवा बोर्ड पॉवर असा एक आकडा वॅटमध्ये दिलेला असतो. आपल्याकडं जी कार्डं जास्त विकली जातात त्यांचे कंपनीनं दिलेले आकडे असे आहेत:

- जीटी १०३०: ३० वॅट
- आरएक्स ६४००: ५३ वॅट
- आरटीएक्स ३०५०, ६ जीबी: ७० वॅट
- जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५०: ७५ वॅट
- आरटीएक्स ४०६०: ११५ वॅट
- जीटीएक्स १०६०, ६ जीबी: १२० वॅट
- आरटीएक्स ३०५०, मूळ ८ जीबी: १३० वॅट
- आरएक्स ६६००: १३२ वॅट
- आरटीएक्स ३०६०: १७० वॅट
- आरएक्स ५८०: १८५ वॅट

यात आरटीएक्स ३०५० नीट बघा. नाव एकच, पण ६ जीबीचं कार्ड ७० वॅटचं आणि मूळ ८ जीबीचं १३० वॅटचं. पहिल्याला सहसा वेगळी वायर लागत नाही, दुसऱ्याला लागते. नुसतं "तीस पन्नास द्या" म्हणून घेतलं तर घरी येऊन अडचण होते. खोक्यावर ओसी लिहिलेली कार्डं मूळ आकड्यापेक्षा थोडी जास्तही खातात.

कमी वॅटचं कार्ड म्हणजे डोळे झाकून घ्यायचं, असंही नाही. जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० या दोन कार्डांत व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही. म्हणजे फायनल व्हिडिओ बाहेर काढताना त्यांची विशेष मदत होत नाही, तो भार प्रोसेसरवरच पडतो. एडिटिंगसाठी कार्ड घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता बेरीज

तीन आकडे मिळवायचे.

पहिला, कार्डाचे वॅट. दुसरा, प्रोसेसरचे वॅट. आपल्याकडं जुन्या मशीनमध्ये जे आय-५ दिसतात त्यांत २४०० हा ९५ वॅटचा, ३४७० हा ७७ चा, ४५७० हा ८४ चा आणि ६५०० हा ६५ चा. नव्या प्रोसेसरला दोन आकडे असतात. १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोरात तो ११७ पर्यंत जातो. हिशोबाला मोठा आकडा धरा. तिसरा आकडा म्हणजे मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून साधारण ५० वॅट.

या बेरजेला ०.७५ नं भागायचं. म्हणजे एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या लाईनीवर पाऊणपट भार राहतो आणि पाव भाग मोकळा राहतो. आलेल्या वॅटला १२ नं भागलं की लागणारे अँपिअर मिळतात.

आमच्या मशीनचं उदाहरण घ्या. प्रोसेसर ८४, कार्ड १२०, बाकी ५०. बेरीज २५४ वॅट. ०.७५ नं भागले की ३३९. म्हणजे १२ व्होल्टवर २८ अँपिअरच्या पुढं पाहिजे होते. आमच्याकडं होते १४. निम्मेच. जळणार नाही तर काय होणार?

दुसरं उदाहरण. त्याच मशीनला जीटीएक्स १६५० टाकलं असतं तर? ८४ अधिक ७५ अधिक ५०, म्हणजे २०९. ०.७५ नं भागून २७९ वॅट, म्हणजे २३ अँपिअरच्या वर. आमचा डबा तिथंही कमीच पडला असता. "वेगळी वायर लागत नाही ते कार्ड कुठल्याही एसएमपीएसवर चालतं" असं बरेच जण सांगतात. वायर नसली तरी कार्ड वीज खातंच, ती मदरबोर्डातून घेतं एवढंच. आणि मदरबोर्डाला वीज देतो तोच एसएमपीएस.

तिसरं उदाहरण नव्या मशीनचं. आय-५ १२४०० चे ११७, आरटीएक्स ४०६० चे ११५ आणि बाकी ५०, एकूण २८२. भागून ३७६ वॅट, म्हणजे ३१-३२ अँपिअर. खऱ्या ४५० वॅटच्या डब्यात हे बसतं. कंपनी मात्र या कार्डाला ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते.

कंपनीचा आकडा एवढा मोठा का असतो? कारण ग्राहकाच्या घरी प्रोसेसर कोणता आणि एसएमपीएस कसा हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून ती सैल हातानं सांगते. जीटीएक्स १६५० ला ३००, जीटीएक्स १०६० ला ४००, आरएक्स ६६०० ला ४५०, आरएक्स ५८० ला ५००, आरटीएक्स ३०६० ला ५५० वॅट अशा शिफारशी आहेत. नवीन एसएमपीएस घेणार असाल तर कंपनीचा आकडा धरा. आहे तोच वापरायचा असेल तर अँपिअरचा हिशोब करा.

पाव भाग मोकळा का ठेवायचा, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मोटर चालू होताना पहिल्या झटक्याला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि मग शांत होते. ग्राफिक्स कार्डही काम वाढलं की सेकंदाच्या बारीक भागापुरतं लिहिलेल्या वॅटच्या वर उडी मारतं. काठोकाठ भरलेला एसएमपीएस त्या उडीला मान टाकतो.

वायर आणि पिना

वॅट पुरले तरी काम संपत नाही. ती वीज कार्डापर्यंत जायची वाटही पाहिजे.

मदरबोर्डावरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं तो स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून थेट वायर लागते. सहा पिनांची वायर ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. नव्या भारी कार्डांना सोळा बारीक पिनांची वायर असते, तिची मर्यादा ६०० वॅटपर्यंत आहे. ऑनलाईन फोटोत कार्डाची वरची कड बघा, किती पिनांची जागा आहे ते दिसतं. तेवढ्या पिनांची वायर आपल्या एसएमपीएसला आहे का ते मोजा.

वायर नसेल तर दुकानात जोडवायर दाखवतात. हार्ड डिस्कची चपटी साटा पिन एका बाजूला आणि सहा पिना दुसऱ्या बाजूला. आम्हाला हीच लावून दिली होती. साटा पिनेत १२ व्होल्टचे तीन बारीक पाय असतात, प्रत्येकाची मर्यादा दीड अँपिअर. तिन्ही मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. आणि पुढं कार्ड त्या सहा पिनांतून ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. मग ती पिन तापते, प्लास्टिक वितळतं, कधी पेटही घेते. ज्या एसएमपीएसला कार्डाची वायर दिलेलीच नाही, तो कार्डासाठी बनवलेलाच नाही असं समजावं.

अजून एक घोटाळा होतो. प्रोसेसरची वायरही आठ पिनांची असते आणि कार्डाचीही. दिसायला सारख्या, पण आतल्या तारा उलट्या. प्रोसेसरची वायर चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन अशी. बसत नसलेली वायर जोर लावून बसवू नका. तसंच ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या निघतात, त्याच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. टोक बसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

कंपन्यांचे जुने कॉम्प्युटर घेतलेल्यांसाठी

सध्या शहरातल्या ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे कॉम्प्युटर गावात पुष्कळ येतात. त्यांचे एसएमपीएस आकड्यानं लहान पण सहसा प्रामाणिक असतात. २४० किंवा २९० वॅट लिहिलं असेल तर तेवढं देतात. त्यात ७०-७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं कार्ड बऱ्याच जणांचं चालतं. पण तेही काठावरच, म्हणून आधी वरचा हिशोब करून बघा.

अडचण एसएमपीएस बदलताना येते. बाजारातल्या साध्या एसएमपीएसला मदरबोर्डसाठी २४ पिनांची वायर असते. या कंपन्यांच्या कित्येक मॉडेलमध्ये मदरबोर्डाची पिन वेगळीच असते, कुठं ६, कुठं ८, कुठं १४ पिनांची. कन्व्हर्टर वायर मिळतात, पण आपल्या मॉडेलचीच बघून घ्यावी लागते. लहान, चपट्या कॅबिनेटमध्ये तर साधा एसएमपीएस मावतच नाही. तिथं कार्डही अर्ध्या उंचीचं लागतं, आणि काही मॉडेलमध्ये स्लॉट पूर्ण ७५ वॅट देत नाही. म्हणून कार्ड टाकायचा विचार असेल तर जुना कॉम्प्युटर घेतानाच उभ्या टॉवरचा घ्या.

आपल्याकडची लाईट आणि यूपीएस

शहरातल्या माणसाला हा भाग लागत नाही, आपल्याला लागतो. वस्तीवर मोटरी चालू झाल्या की घरातला दिवा पिवळा पडतो. व्होल्टेज १८० वर आलं तरी कॉम्प्युटरला तेवढेच वॅट पाहिजेत. मग एसएमपीएस जास्त करंट ओढतो, २३० च्या मानानं १८० ला सव्वापटीच्या थोडं वर. डबा तापतो.

स्टिकरवर इनपुटची ओळ बघा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर तो कमी व्होल्टेज सोसतो. २०० ते २४० लिहिलं असेल तर १८० ला तो कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. तिथं स्टॅबिलायझर लागतो. मागं लाल सरकबटण असेल तर ते २३० वरच पाहिजे. व्होल्टेज कमी येतंय म्हणून कुणी ते ११५ वर केलं तर पुढच्या क्षणी डबा फुटतो.

यूपीएसचाही हिशोब करा. आपल्याकडचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आमचे २५४ वॅट हे एसएमपीएसच्या आतले. एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम धरला तर भिंतीतून ३०० च्या आसपास जातात. त्यात मॉनिटरचे २५-३० मिळवा. यूपीएस जवळपास भरला. लाईट गेली की तो चार मिनिटांत मान टाकेल किंवा लगेच बीप देऊन बंद होईल. रेंडर चालू असताना लाईट जाण्याचा त्रास असेल तर एसएमपीएससोबत यूपीएसचेही पैसे बाजूला काढा. आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. घराचं अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या.

एसएमपीएस कमी पडतोय हे कसं ओळखायचं

- साधं काम, यूट्यूब, टायपिंग सुरळीत चालतं, पण रेंडर किंवा गेम लावला की मशीन अचानक बंद पडतं किंवा आपोआप परत चालू होतं.
- स्क्रीन काळी होते, पंखे मात्र फिरत राहतात.
- कार्डाची वायर किंवा जोडवायर हाताला गरम लागते, जळका वास येतो.
- विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद पुन्हा पुन्हा दिसते. ही नोंद फक्त मशीन नीट बंद न होता वीज तुटली एवढंच सांगते, कारण सांगत नाही. पण दर वेळी भार वाढल्यावरच येत असेल तर संशय एसएमपीएसवर.

धूळ साचून प्रोसेसर तापला तरी मशीन बंद पडतं. म्हणून आधी धूळ साफ करून, पंखे फिरतात का ते बघून घ्या.

मल्टिमीटर असेल तर चालू मशीनवर डिस्कच्या जाड चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी वायर मोजता येते. रेंडर चालू असताना तिथं ११.४ ते १२.६ च्या आत व्होल्ट पाहिजेत. ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस दमलाय. मीटरची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. हात बसलेला नसेल तर जाणकाराकडून मोजून घ्या. हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं काही जण सांगतात. त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं. भार उचलतो का, ते कळत नाही.

नवीन एसएमपीएस घेताना

खोक्यावर ८० प्लस असा शिक्का बघा. त्यातला ब्राँझ दर्जा म्हणजे निम्म्या भाराला साधारण ८५ टक्के कार्यक्षमता, बाकीची वीज उष्णतेत जाते. १२ व्होल्टचे अँपिअर बघा. कार्डाच्या पिना मोजा. जादा करंट, जादा व्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण लिहिलेलं आहे का ते वाचा. आमच्या लोकल डब्यात ते नव्हतं, म्हणून जाताना तो बाकीच्यांना घेऊन गेला. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. कार्ड जुनं घेतलं तर एकवेळ चालेल, एसएमपीएस मात्र जुना घेऊ नका.

पैसे थोडे असतील तर आधी एसएमपीएस घ्या आणि कार्ड पुढच्या हंगामात. उलटं करू नका.

दुकानात जाण्याआधी मोबाईलमध्ये हे पाच फोटो ठेवा

१. एसएमपीएसचं स्टिकर, १२ व्होल्टचे अँपिअर वाचता येतील असं.
२. स्टिकरवरची इनपुट व्होल्टेजची ओळ.
३. एसएमपीएसमधून निघणाऱ्या सगळ्या वायरींची टोकं.
४. मदरबोर्डाची पिन आणि कार्डाचा स्लॉट, बाजूच्या मोकळ्या जागेसकट.
५. प्रोसेसरचं नाव, विंडोजच्या स्क्रीनवरचं.

हे फोटो दाखवून विचारलं की दुकानदारही नीट उत्तर देतो. "चालतंय" एवढ्यावर भागवलं तर अँपिअर किती, एवढं विचारा.

आमच्या घरी आता ५५० वॅटचा एसएमपीएस आहे, १२ व्होल्टची लाईन ४० अँपिअरच्या वरची. तेच जुनं कार्ड त्यावर दोन लग्नसराया चाललं. पोरगं आता प्रत्येक शूटिंग दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतं, आणि लग्नघरी व्हिडिओ पोचल्याचा फोन आल्याशिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पुसत नाही. ज्या घरचं शूटिंग गेलं त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न यंदा वैशाखात झालं. त्यांनी शूटिंग दुसऱ्याला दिलं. आम्हाला आमंत्रण होतं, जेवून आलो.